वूली-रो खटला

वूली-रो खटला : मेरुरज्जूला झालेल्या कायमच्या इजेबद्दल वैद्यकीय हयगयीच्या कारणावरून नुकसानभरपाई मागणारा इंग्लंडमधील प्रसिद्ध दिवाणी खटला. विधिग्रंथांत तो ‘रो विरुद्ध आरोग्यमंत्री’ या नावाने ओळखला जातो. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी चेस्टरफील्ड (डार्बीशर परगणा) येथील रुग्णालयात किरकोळ शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले दोन कामगार कमरेखालून कायमचे लुळे झाले. त्यांचे दावे १९५३ मध्ये उच्च न्यायालयाने व एप्रिल १९५४ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळले. घटनेच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या कसोटीवरच वैद्याचे वर्तन तपासले पाहिजे, नंतर मिळालेल्या ज्ञानाच्या आधारे त्याला दोषी धरता येणार नाही, हे तत्त्व या निर्णयाने रूढ केले. ब्रिटिश परंपरेतील विधी मानणाऱ्या देशांत ते आजही प्रमाण मानले जाते. तथापि ज्या शास्त्रीय स्पष्टीकरणावर हा निर्णय उभा होता, ते बहुधा चुकीचे होते, असे मत १९९० नंतर पुढे आले. त्यामुळे वैद्यक आणि विधी या दोन्ही शास्त्रांच्या इतिहासात या खटल्याला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे.

वैद्यकीय पार्श्वभूमी : मेरुरज्जू हा पृष्ठवंशाच्या पोकळीतून जाणारा तंत्रिकांचा जाड दोर असून प्रौढ माणसात तो साधारणपणे कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या कशेरुकापाशी संपतो. त्याच्याखाली तंत्रिकामुळांचा झुपका असतो. हात, पाय, मूत्राशय व गुदाशय यांच्याकडील संदेशांची ने-आण या मार्गाने होते. शरीराच्या इतर अनेक भागांप्रमाणे मेरुरज्जूतील नष्ट झालेला भाग पुन्हा वाढत नाही. म्हणून येथील इजा बहुधा कायमची ठरते. पायांची शक्ती व संवेदना जाण्याबरोबरच मलमूत्रविसर्जनावरील ताबा जातो, शय्याव्रण होतात आणि मूत्रमार्गात वारंवार जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा बहुतेक रुग्णांचा या उपद्रवांमुळे अल्पावधीत मृत्यू होत असे. १९४४ मध्ये लूटविख गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मेरुरज्जूच्या इजांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. रुग्णाची कूस नियमितपणे बदलणे, मूत्राशयाची निगा राखणे, व्यायाम, खेळ आणि व्यवसायशिक्षण यांवर त्यांनी भर दिला व असा रुग्ण अनेक दशके जगू शकतो हे दाखवून दिले. या यशामुळे नुकसानभरपाईच्या प्रश्नाचेही स्वरूप पालटले. पूर्वी प्रश्न मुख्यतः एका मृत्यूचा असे, आता तो एका दीर्घ आयुष्याच्या खर्चाचा झाला.

मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात औषध टोचून शरीराचा खालचा भाग बधिर करण्याची पद्धत कील येथील आउगुस्ट बीअर या जर्मन शल्यचिकित्सकांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून प्रथम यशस्वी केली. पुढे कोकेनऐवजी कमी विषारी औषधे आली. १९३० नंतर न्यूपर्केन हे औषध ब्रिटनमध्ये बरेच वापरात होते. रुग्ण शुद्धीवर राहतो, स्नायू चांगले सैल पडतात आणि ईथर किंवा क्लोरोफॉर्म यांच्या वाफा हुंगवाव्या लागत नाहीत, हे या पद्धतीचे फायदे होत. औषध टोचण्याची जागा कमरेच्या खालच्या कशेरुकांमध्ये, म्हणजे मेरुरज्जूच्या टोकाखाली निवडली जाते. त्यामुळे सुईने प्रत्यक्ष मेरुरज्जूला धक्का लागण्याचा संभव कमी असतो. मात्र टोचलेल्या औषधाबरोबर एखादा दाहक पदार्थ आत गेल्यास तो द्रवातून पसरतो आणि तंत्रिकामुळे, त्यांची आवरणे व मेरुरज्जू यांना इजा करतो.

विधीची पार्श्वभूमी : दुसऱ्याच्या हयगयीमुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई मागण्याचा हक्क हा इंग्लिश विधीतील अपकृत्याच्या कल्पनेवर आधारलेला आहे. वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याने ते पाळले नाही आणि त्यामुळेच हानी झाली. रुग्णालयांच्या बाबतीत दीर्घकाळ आणखी एक अडचण होती. १९०९ मधील हिलियर खटल्यात, डॉक्टर व परिचारिका यांच्या व्यावसायिक कौशल्याच्या कामात रुग्णालयाचे नियंत्रण चालत नाही, म्हणून त्यांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर येत नाही, असे मत न्यायालयाने दिले होते. त्या काळी बहुतेक मोठी रुग्णालये देणग्यांवर व वर्गण्यांवर चालणारी असत आणि त्यांच्यावर खर्चाचा बोजा टाकण्यास न्यायालये नाखूष होती. १९४२ मधील गोल्ड खटल्यापासून हे मत बदलू लागले. १९५१ मध्ये कॅसिडी खटल्यात, पगारी डॉक्टरांच्या हयगयीबद्दल रुग्णालय जबाबदार असते, असे अपील न्यायालयाने ठरविले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व बहुतेक रुग्णालये आरोग्यमंत्र्यांच्या अखत्यारीत गेली. १९४९ च्या अधिनियमाने गरीब पक्षकारांना सरकारी विधिसाहाय्य मिळू लागले. सामान्य कामगाराला रुग्णालयाविरुद्ध न्यायालयात उभे राहता येईल अशी परिस्थिती अशा रीतीने प्रथमच निर्माण झाली होती.

घटना : अल्बर्ट वूली व सेसिल रो हे दोघेही कष्टकरी वर्गातील होते. चेस्टरफील्डच्या रुग्णालयाला ते दर आठवड्याला लहानशी वर्गणी देत असत व आजारपणात तेथे उपचार घेण्याचा हक्क त्यांना त्या वर्गणीमुळे मिळाला होता. एकाच्या गुडघ्यातील कूर्चेवर व दुसऱ्याच्या जलवृषणावर शस्त्रक्रिया करावयाची होती. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाल्या. दोघांनाही एकाच भूलतज्ज्ञाने न्यूपर्केन टोचून बधिर केले. हे भूलतज्ज्ञ रुग्णालयाचे पूर्णवेळ नोकर नव्हते, ठरावीक वेळी येऊन काम करणारे व बाहेर स्वतःचा व्यवसाय असणारे वैद्य होते. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्या, पण दोघांच्याही पायांतील शक्ती परत आली नाही. किरकोळ दुखणे घेऊन स्वतःच्या पायांनी रुग्णालयात आलेली ही दोन माणसे पुन्हा चालू शकली नाहीत.

न्यूपर्केन काचेच्या बंद कुप्यांतून येत असे. कुपीची बाहेरची बाजू जंतुरहित असावी म्हणून या रुग्णालयात कुप्या फिनॉलच्या (कार्बॉलिक अम्लाच्या) विद्रावात बुडवून ठेवण्याची पद्धत होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तड्यांतून फिनॉल कुपीत झिरपले, औषधात मिसळले आणि त्याने मेरुरज्जूला इजा केली, असे स्पष्टीकरण सुनावणीत पुढे आले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संवेदनाहरणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांची साक्ष या बाबतीत महत्त्वाची ठरली. अशा अदृश्य तड्यांच्या धोक्याकडे त्यांच्या १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने लक्ष वेधले होते. फिनॉलला गडद निळा रंग दिला, तर कुपीतील औषधात झालेली भेसळ ताबडतोब दिसून येईल, हा उपायही सुचविण्यात आला. १९४७ साली मात्र हा धोका व्यवसायात सर्वसाधारणपणे ज्ञात नव्हता.

खटला व निर्णय : दावे आरोग्यमंत्री, भूलतज्ज्ञ व औषधाचे उत्पादक यांच्याविरुद्ध होते. न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी १९५३ मध्ये सर्व प्रतिवादींना निर्दोष ठरविले. त्यावरील अपिलाची सुनावणी न्यायमूर्ती समरव्हेल, डेनिंग व मॉरिस यांच्यापुढे झाली.

वादींच्या बाजूने मुख्य भर ‘घटनाच साक्ष देते’ या तत्त्वावर होता. एरवी सुरक्षित असलेल्या शस्त्रक्रियेनंतर एकाच दिवशी, एकाच हातून, एकाच पद्धतीने बधिर केलेले दोन रुग्ण लुळे होतात, यावरूनच हयगयीचे अनुमान निघते, असा हा युक्तिवाद होता. शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या शरीराशी कोणी काय केले हे रुग्णाला कळणे शक्य नसते. त्यामुळे अशा खटल्यांत या तत्त्वाला विशेष अर्थ आहे. डेनिंग यांनी ही घटना प्रतिवादींकडून स्पष्टीकरणाची अपेक्षा करते, हे मान्य केले. परंतु प्रतिवादींनी फिनॉल व अदृश्य तडे यांच्या रूपाने ते स्पष्टीकरण दिलेले आहे, असे त्यांचे मत पडले. उरलेला प्रश्न एवढाच होता, की हा धोका प्रतिवादींना आधी दिसावयास हवा होता काय. १९४७ मधील सावध भूलतज्ज्ञालाही तो दिसला नसता, असे तिन्ही न्यायमूर्तींचे मत झाले व अपील नामंजूर झाले. १९४७ च्या अपघाताकडे १९५४ च्या चष्म्यातून पाहू नये, या आशयाचे डेनिंग यांचे विधान तेव्हापासून विधिग्रंथांत वारंवार उद्धृत केले जाते.

निर्णयाच्या अखेरीस डेनिंग यांनी सामाजिक धोरणाचाही विचार केला. वैद्यकाच्या प्रगतीचे लाभ हवे असतील, तर तिच्याबरोबर येणारे धोकेही पत्करावे लागतात. जे जे बिघडेल त्या सर्वांची जबाबदारी रुग्णालयांवर व डॉक्टरांवर टाकली, तर डॉक्टर रुग्णाच्या हितापेक्षा स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार अधिक करू लागतील व समाजाचेच नुकसान होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. याच निर्णयात त्यांनी रुग्णालयाच्या जबाबदारीची व्याप्तीही वाढविली : रुग्णाने स्वतः निवडलेला व स्वतः नेमलेला डॉक्टर वगळता, अंशकालीन भूलतज्ज्ञासह सर्व वैद्यकीय वर्गाच्या हयगयीबद्दल रुग्णालय उत्तरदायी असते, असे मत त्यांनी नोंदविले. म्हणजे पुढील रुग्णांसाठी रुग्णालयाचे दार न्यायालयाने उघडले, पण या दोन वादींना त्यातून काही मिळाले नाही.

वैद्यकावरील परिणाम : प्रतिवादी निर्दोष सुटले तरी या पद्धतीवरील विश्वास ब्रिटनमध्ये ढासळला. खटल्याला मोठी प्रसिद्धी मिळाली आणि मेरुरज्जूजवळ औषध टोचण्याचे तेथील भूलतज्ज्ञ पुढील सुमारे दोन दशके बव्हंशी टाळू लागले. अमेरिकेतही फॉस्टर केनेडी या तंत्रिकातज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५० मध्ये या पद्धतीमुळे झालेल्या पक्षाघातांवर कडक टीका करणारा लेख लिहिला होता. उलट, फिलाडेल्फिया येथील ड्रिप्स व व्हँडम यांनी १०,०९८ प्रसंगांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत एकही गंभीर स्वरूपाची कायमची तंत्रिकाहानी आढळली नाही. पद्धतीत मूलतः दोष नाही, दोष असेल तर तो औषधाच्या, उपकरणांच्या किंवा हाताळणीच्या शुद्धतेत आहे, हे त्यावरून दिसून आले. कुप्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवण्याची प्रथा मागे पडली व वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे एकदाच वापरून टाकून देण्याच्या सुया व पिचकाऱ्या आल्या. ब्रिटनमधील संवेदनाहरणतज्ज्ञांच्या संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पृष्ठवंशातून बधिर करण्याच्या सुमारे ७ लक्ष प्रसंगांचा विचार करण्यात आला होता. तीनुसार कायमची इजा होण्याचे प्रमाण दर १ लक्ष प्रसंगांमागे २ ते ४.२ इतके, म्हणजे अत्यल्प होते.

कारणाचा पुनर्विचार : फिनॉलचे स्पष्टीकरण न्यायालयाने स्वीकारले असले, तरी त्यात एक कच्चा दुवा होता. एकाच दिवशी वापरलेल्या दोन निरनिराळ्या कुप्यांना अदृश्य तडे जावेत आणि दोहोंत घातक ठरेल इतके फिनॉल झिरपावे, हा योगायोग पटण्यास कठीण होता. १९९० मध्ये हटर यांनी संवेदनाहरणशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकातील लेखात या प्रकरणाची फेरतपासणी केली व वेगळे कारण मांडले. त्या काळी सुया व पिचकाऱ्या पाण्यात उकळून निर्जंतुक करीत. कठीण पाण्यामुळे उकळण्याच्या भांड्यात क्षारांचा थर साचे आणि तो अधूनमधून अम्लयुक्त द्रावण वापरून काढावा लागे. हे द्रावण भांड्यातून पूर्णपणे काढून न टाकता त्यातच उपकरणे उकळली गेली असावीत आणि सुई-पिचकारीतील अम्ल औषधाबरोबर रुग्णांच्या शरीरात गेले असावे, असे हटर यांचे अनुमान आहे. एकाच दिवशी एकापेक्षा अधिक रुग्णांना सारखीच इजा का झाली, याचा उलगडा त्यामुळे अधिक सहजपणे होतो. पुढील काळातील वैद्यक-इतिहासाच्या लेखनात हेच कारण अधिक संभाव्य मानले जाते.

या फेरविचाराचे विधिदृष्ट्या महत्त्व मोठे आहे. अदृश्य तड्याचा धोका १९४७ मध्ये कोणालाच माहीत नव्हता, म्हणून तो न ओळखणे ही हयगय ठरली नाही. पण उकळण्याच्या भांड्यातील अम्ल ओतून टाकणे व भांडे धुणे ही कोणत्याही काळातील साधी खबरदारी आहे. तीत कसूर झाली असल्यास ती समजण्यास १९५४ च्या चष्म्याची गरज नव्हती. हे कारण न्यायालयापुढे आले व सिद्ध झाले असते, तर रुग्णालयाच्या नोकरांच्या हयगयीबद्दल वादींना भरपाई मिळण्याचा संभव फार मोठा होता. न्यायालयाने आपल्यापुढील पुराव्यावरून तर्कशुद्ध निर्णय दिला होता. पण पुरावा उभा करण्याची साधने, म्हणजे तज्ज्ञ, नोंदी आणि प्रत्यक्ष साक्षीदार, ही मुख्यतः वैद्यकीय व्यवसायाच्याच हाती होती. घटनेच्या वेळचे ज्ञान प्रमाण मानावे, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु घटनेत प्रत्यक्ष काय घडले याचे ज्ञान मात्र उशिराने आणि वादींच्या उपयोगी न पडता मिळाले.

नंतरचा विधिविकास : मेरुरज्जूच्या इजांचे पुढील महत्त्वाचे खटले हे शस्त्रक्रियेतील चुकीपेक्षा तिच्या धोक्याची पूर्वकल्पना देण्याच्या कर्तव्याभोवती फिरतात. वैद्यकीय वर्तनाची कसोटी १९५७ मधील बोलम खटल्यात ठरली. त्यात ज्यूरीला मार्गदर्शन करणारे न्यायाधीश मॅकनेअर हेच होते. व्यवसायातील जाणकारांच्या एखाद्या जबाबदार गटाला मान्य असलेल्या पद्धतीनुसार वागणारा डॉक्टर हयगयीचा दोषी नसतो, असे या कसोटीचे स्वरूप आहे. १९७४ मध्ये मान व दंड यांच्या वेदनांसाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका स्त्रीच्या मेरुरज्जूला इजा झाली व तिला गंभीर अपंगत्व आले. अशा इजेची शक्यता शेकडा १ हून कमी होती, पण तिची कल्पना आपल्याला दिली नव्हती, अशी तिची तक्रार होती. सायडवे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९८५ मध्ये उमरावांच्या सभेने दावा फेटाळला. किती माहिती द्यावी, हेही मुख्यतः व्यवसायाच्या रूढीनेच ठरते, असा बहुमताचा कल होता. न्यायमूर्ती लॉर्ड स्कारमन यांनी मात्र निर्णयाला संमती देतानाही, विवेकी रुग्णाला जे जाणून घ्यावेसे वाटेल ते त्याला सांगितले पाहिजे, असे स्वतंत्र मत मांडले.

काळाच्या ओघात हे अल्पमतच स्वीकारले गेले. चेस्टर विरुद्ध अफशर (२००४) या खटल्यात कण्यातील चकत्यांवरील शस्त्रक्रियेनंतर रुग्ण स्त्रीच्या तंत्रिकामुळांच्या झुपक्याला इजा झाली. शस्त्रक्रिया कौशल्याने केली होती, पण शेकडा १ ते २ इतक्या धोक्याची सूचना दिली नव्हती. सूचना मिळाली असती तर त्या दिवशी तिने शस्त्रक्रिया करून घेतली नसती, एवढे सिद्ध झाले. उमरावांच्या सभेने तीन विरुद्ध दोन मतांनी तिला भरपाईस पात्र ठरविले. शेवटी २०१५ मध्ये प्रसूतीच्या संदर्भातील माँटगोमेरी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सायडवे निर्णय मागे टाकला व रुग्णाला महत्त्वाचे वाटतील असे सर्व धोके सांगण्याचे कर्तव्य डॉक्टरावर ठेवले.

भारत : वैद्यकीय हयगयीचा भारतीय विधी बव्हंशी इंग्लिश निर्णयांच्या आधारे घडला. त्यात महाराष्ट्रातील एका प्रकरणाला मूलभूत स्थान आहे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले व पुण्यात उपचार चालू असता त्याचा मृत्यू झाला. योग्य रीतीने बधिर न करता जोर लावून हाड बसविल्यामुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण ठरले. दिवाणी न्यायालयाने पालकांना दिलेली ३,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने व १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. रुग्ण स्वीकारावयाचा की नाही, कोणता उपचार करावयाचा आणि तो कसा करावयाचा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, असे सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयात सांगितले. ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये झाला आणि १९९५ मधील शांता खटल्यात, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते, असे ठरले. त्यामुळे दिवाणी न्यायालयापेक्षा कमी खर्चाचा मार्ग रुग्णांना मिळाला. २००५ मधील जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बोलम कसोटी पुन्हा मान्य केली.

मेरुरज्जूच्या इजेसंबंधीचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हैदराबाद येथील निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या प्रकरणात २००९ मध्ये लागला. १९९० साली अभियांत्रिकीचा एक वीस वर्षांचा विद्यार्थी छातीतील गाठीच्या तपासणीसाठी तेथे दाखल झाला होता. गाठ काढल्यानंतर तो कमरेखालून लुळा झाला. गाठीचा पृष्ठवंशाशी संबंध असल्याची चिन्हे असूनही तंत्रिकाशल्यज्ञाला शस्त्रक्रियेत सहभागी करून घेतले नव्हते, तसेच तपासणीपुरती दिलेली संमती गाठ पूर्णपणे काढण्यास पुरेशी नव्हती, असे न्यायालयाने ठरविले. राष्ट्रीय आयोगाने १९९९ मध्ये दिलेली सुमारे १५.५ लक्ष रुपयांची भरपाई वाढवून सर्वोच्च न्यायालयाने ती व्याजासह १ कोटी रुपये केली. शुश्रूषा, वाहनचालक-मदतनीस व भौतिक चिकित्सा यांच्या तीस वर्षांच्या खर्चाचा हिशोब या निर्णयात केलेला आढळतो. चाकाच्या खुर्चीतील जीवनाला प्रत्यक्ष काय लागते, याची अशी बाबवार दखल हे या निर्णयाचे वैशिष्ट्य होय. घटनेपासून अंतिम निर्णयापर्यंत मात्र जवळजवळ एकोणीस वर्षे गेली.

दोषनिरपेक्ष भरपाई : हयगय सिद्ध झाली तरच भरपाई, या व्यवस्थेत सारखीच इजा झालेल्या दोन रुग्णांपैकी एकाला सर्व काही मिळते व दुसऱ्याला काहीच मिळत नाही. ज्याला मिळते त्याच्याही बाबतीत, एकदाच ठरविलेली एकरकमी भरपाई भविष्यात कमी किंवा जास्त ठरणारच, हे लॉर्ड स्कारमन यांनीच १९७९ मध्ये एका वेगळ्या खटल्यात दाखवून दिले होते. या उणिवेवर उपाय म्हणून न्यूझीलंडने वुडहाउस समितीच्या १९६७ च्या अहवालानुसार अपघात-भरपाईचा अधिनियम केला व एप्रिल १९७४ पासून दोष कोणाचा हे न पाहता भरपाई देण्याची पद्धत सुरू केली. उपचारांतून उद्भवणाऱ्या इजाही तीत येतात. मात्र अशा इजांबद्दल दिवाणी दावा लावण्याचा हक्क तेथे बव्हंशी संपुष्टात आला आहे. स्वीडननेही १९७५ मध्ये रुग्णांसाठी विमायोजना सुरू केली. ब्रिटन व भारत या देशांत वैद्यकीय इजांची भरपाई अद्यापही प्रामुख्याने हयगयीच्या सिद्धतेवरच अवलंबून आहे.

पुनर्वसनाची सोय ही भरपाईच्या प्रश्नाची दुसरी बाजू होय. मुंबईत हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून, तर पुण्याजवळ खडकी येथील मेरुरज्जूची इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्य करीत आहे. अशा संस्थांत रुग्णाला प्रवेश देताना इजा कोणाच्या दोषामुळे झाली हे पाहिले जात नाही. न्यायालयाला मात्र तेच प्रथम पाहावे लागते. दोष कोणाचा आणि गरज कोणाची, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आल्यावर दुसरा अनुत्तरितच राहतो, ही गोष्ट चेस्टरफील्डच्या दोन कामगारांच्या खटल्याइतकी स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या खटल्यातून दिसून आली असेल.